सोन्याचा सेक

माझ्या संशोधनाची बातमी आमच्या गावात, जानेफळात, माझ्या आधी घरोघर पोचली. ती वडिलांच्या दुकानातून निघाली होती, त्यामुळे पोचेपर्यंत तिला चांगलंच पीक आलं होतं.

वडिलांचं कृषी केंद्र होतं. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. मी शाळेत होते तेव्हा बीटी कापसाचं बियाणं आमच्या भागात नवीन होतं. पेरणीच्या आधी दुकानासमोर रांग लागायची. माणसं रांगेत चपला ठेवून लिंबाखाली बसायची आणि चपला इमानदारीनं पुढे सरकवायची. वडील गल्ल्यावरून सांगायचे, "अळी या झाडाकडं पाह्यनार नाही." पाकिटावर असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. पाकिटासोबत साध्या बियाण्याचं एक छोटं पाकीट मात्र मिळायचं. ते शेताच्या कडेनं पेरायचं, म्हणजे थोड्या अळ्या साध्या झाडांवर जगतील आणि सगळ्याच अळ्यांना बीटी पचवायची सवय लागणार नाही, अशी त्यामागची कल्पना. वडिलांना ती ठाऊक होती. पण रांग मोठी असायची, आणि अळीच्या पोटापाण्यासाठी चार ओळी पेरा म्हणणाऱ्या दुकानदाराकडे लोकांनी कसं पाहिलं असतं, हेही त्यांना ठाऊक होतं. लोक ती छोटी पाकिटं दुकानाच्या पायरीवरच टाकून जायचे. आई ती गोळा करून सरकी म्हशीला घालू का असं विचारायची, आणि वडील "औषध लावलेली असते ते" म्हणून तिला अडवायचे.

पुढची काही वर्षं वडिलांचा शब्द खरा ठरला. लोकांनी घरावर स्लॅब टाकले. वडिलांना लग्नाच्या पंगतीत पहिल्या ओळीत बसवू लागले.

मी एम.एस्सी.ला औरंगाबादेत गेले आणि तिथंच संशोधनाला लागले. विषय असा होता: कॅन्सरच्या गाठीत सोन्याचे अतिशय बारीक कण सोडायचे आणि मग तिला किरणांचा मारा द्यायचा. सोनं जड धातू. ते किरणं जास्त अडवतं, आणि अडवताना आसपासच्या पेशींवर आणखी मारा होतो. म्हणजे तेवढ्याच किरणांत गाठीचं जास्त नुकसान. कण किती बारीक, तर डोळ्यांना सोनं दिसतच नाही. सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळत ठेवायचं, त्यात सायट्रेट टाकायचं, की ते आधी काळवंडतं आणि मग अंबाडीच्या फुलांच्या सरबतासारखं लालभडक होतं. पहिल्यांदा मला ते जमलं तेव्हा मी ती बाटली दिवसभर खिडकीत ठेवून बघत होते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, की कण गोळा होऊन खाली बसलेत, पुन्हा करा.

सुटीत घरी आले तेव्हा जेवताना मी हे सगळं सांगितलं. वडिलांचा घास हातातच राहिला.

"सोनं? खरं सोनं?"

"खरं. पण अजून फक्त काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर. उंदरावरसुद्धा केलं नाही."

"पण कॅन्सर मरते?"

"बशीतल्या काही पेशी जास्त मरतात, बाबा."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात डबा द्यायला गेले तर वडील एका गिऱ्हाईकाला सांगत होते, "माही पोरगी कॅन्सरवर सोन्याचं इंजेक्शन बनवून राह्यली." बशी आणि उंदीर वाटेत गळाले होते. मी घरी आल्यावर त्यांना म्हटलं, की असं सांगू नका. ते म्हणाले, "मंग बशीचं कोणाले सांगू?"

दुकानाच्या समोर चाचांचं गादीचं दुकान होतं. चाचा पिंजारी. जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस पिंजून पुन्हा भरायचा, दोरा घालायचा. आधी हातातल्या धुनकीवर, नंतर मशीनवर. दिवसभर त्यांच्या भुवयांवर कापूस असायचा, म्हणून लहानपणी मला ते फार म्हातारे वाटायचे, आणि ईदेला आंघोळ करून आले की एकदम तरुण दिसायचे. चाची वारल्यापासून ते मुलगा आणि सुनेजवळ राहत. गालात तंबाखूचा बार कायम. त्या पावसाळ्यात बार धरायच्या जागी गालाच्या आतून जखम झाली आणि भरेना. मुलानं बुलढाण्याला नेलं. तिथं तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला, आणि औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन सेक घ्या असं सांगितलं. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे सेकच म्हणतात. कंबर शेकावी तसं काहीतरी असेल, अशी लोकांची समजूत असते.

चाचा आमच्या घरी आले तेव्हा मी योगायोगानं गावातच होते. अंगणातल्या खाटेवर बसले. गाल सुजलेला, त्यामुळे शब्द थोडे ओले यायचे. त्यांनी खिशातून एक लहानशी डबी काढली. आत चाचींच्या नाकातली चमकी होती.

"बेटी, हे घे," ते म्हणाले. "घरचं सोनं आहे. सोनाराकून तपासून आणलं. तुले जसं बारीक करायचं तसं कर अन् मग मले सेक दे."

मी वळून घराकडे पाहिलं. वडील आत हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसले होते. इतका वेळ ती वही त्यांना कधीच लागत नसे.

मी चाचांना नीट समजावून सांगितलं. असं औषध अजून झालेलं नाही. माणसाला द्यायची परवानगी मला काय, माझ्या बाईंनाही नाही. ते यायला किती वर्षं लागतील माहीत नाही, आणि कदाचित येणारही नाही. आणि शेवटी सांगितलं, की नुसत्या सेकानंही या जागेची गाठ बरी होते, फक्त उशीर करायचा नाही.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग डबी बंद केली.

"तुहे बाबा तर म्हणत होते..."

"बाबा जरा पुढचं बोलले."

"असंन," ते म्हणाले. आणि माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "दुकानदारी आहे. मीबी गादी दहा वर्षं टिकते म्हणूनच देतो."

चाचांना घेऊन मुलगा औरंगाबादेला आला. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत त्यांची सोय झाली. मुलाला पिंजायचं मशीन बंद ठेवून राहणं शक्य नव्हतं, म्हणून सोमवार ते शुक्रवार बहुतेक दिवस मीच चाचांना घेऊन जायचे. सात आठवडे. मला तिथं सगळे ओळखत होते, कारण आमच्या प्रयोगशाळेत किरणांचं मशीन नव्हतं. दिवसाचे पेशंट संपले की माझ्या पेशींच्या बश्या त्याच मशीनखाली, त्याच टेबलावर ठेवायची परवानगी आम्हाला मिळाली होती. म्हणजे दुपारी ज्या जागेवर चाचांचा गाल असे, तिथंच संध्याकाळी माझी बशी असायची. बशीत सोनं होतं. चाचांच्या गालात नव्हतं. याचा मी फार विचार करत नसे, कारण केला तर पुढचं काम सुचत नसे.

सेक सुरू व्हायच्या आधी त्यांचे किडके दात काढले. मग प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून त्यांच्या तोंडावर दाबली, चेहऱ्याचा साचाच काढला. सेकाच्या वेळी तो साचा तोंडावर घालून टेबलाला अडकवायचे, म्हणजे मान जराही हलू नये. पहिल्या दिवशी चाचा बाहेर आले ते चिडूनच.

"एवढं मोठं मशीन," ते म्हणाले, "अन् खाली गादी नाही. लाकडावर निजवते माणसाले."

तंत्रज्ञ हसला. म्हणाला, गादी दबते, मग नेम चुकतो. चाचांना ते पटलं नाही. दबणार नाही अशी गादी आपण भरू शकतो, कापूस किती दाबून भरायचा हा सगळा हाताचा अंदाज असतो, असं त्यांनी त्याला दोनदा ऐकवलं. तिसऱ्या आठवड्यानंतर त्यांनी गादीचा विषय सोडला, कारण बोलणंच सुटलं. तोंड आतून सोललं. भात, वरण, शेवटी नुसतं दूध, तेही गार. गालाची कातडी काळी पडली. एकदा बाकावर बसल्या बसल्या त्यांनी माझ्या वहीत लिहून दाखवलं, हिंदीत: "तुम्हारे चूहे भी ऐसे रोते हैं क्या?" तोपर्यंत माझं काम उंदरांवर गेलं होतं. मी "नाही" असं लिहिलं. ते खोटं होतं की खरं, मला आजही सांगता येणार नाही. उंदरांचं काम दुसरा विद्यार्थी बघायचा. माझ्याकडे फक्त आकडे यायचे.

आकडेही फारसे चांगले नव्हते. बशीत सोनं टाकून किरणं दिली की पेशी खरंच जास्त मरायच्या. उंदराच्या शेपटीच्या शिरेतून तेच सोनं सोडलं, तर बरंचसं यकृतात जाऊन बसायचं. गाठीत पोचायचं ते जेमतेम. थेट गाठीतच टोचलं तर फरक दिसायचा, पण माझ्या बाई म्हणाल्या त्याप्रमाणे, "दिसतो" आणि "आहे" यात एका प्रबंधाचं अंतर असतं.

त्याच हंगामात गावाकडे गुलाबी बोंडअळी आली. आधी थोडी कुठं कुठं दिसत होती, त्या वर्षी सगळीकडेच झाली. दसऱ्याला घरी गेले तर वडिलांच्या गल्ल्यावर बोंडं पडलेली. लोक रुमालात बांधून आणायचे, गल्ल्यावर ठेवायचे आणि नखानं चिरायचे. आत गुलाबी अळी निवांत बसलेली. एका शेतकऱ्यानं तिला काडीवर उचलून वडिलांसमोर धरलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "भाऊ, इनं पाह्यलं कावो झाडाकडं?"

"कंपनीनं सांगतलं, मी सांगतलं," एवढंच वडील म्हणायचे. महिनाभर ते दुकानात मान वर करून बसले नाहीत. लग्नाचं बोलावणं आलं की आईला पाठवायचे.

चाचा परत गावी आले ते या दिवसांत. गाठ गेली होती. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तपासण्या केल्या आणि म्हणाले, सध्या काही दिसत नाही, दर दोन महिन्यांनी दाखवत राहा. चाचा अर्धे झाले होते आणि तोंडाला थुंकी येत नव्हती. हातात कायम पाण्याची बाटली. पण चालत आले, बसमधून उतरून थेट आमच्या दुकानावर. तिथं तेव्हा दहा-बारा माणसं बोंडं घेऊन उभी होती. कोणीतरी विचारलं, "चाचा, बरे झाले तुमी? सोन्याचं इंजेक्शन देल्लं म्हणते पोरीनं, खरं काय?"

हे मला चाचांनीच नंतर सांगितलं. ते म्हणाले, की त्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडील गल्ल्यामागे खाली मान घालून बसले होते, समोर चिरलेली बोंडं. चाचांनी बाटलीतून घोटभर पाणी घेतलं आणि म्हणाले, "हाव. देल्लं."

वडिलांनी मान वर केली. त्यांनीही खरं काय ते सांगितलं नाही.

मला कळलं तेव्हा मी चाचांवर रागावले. ते म्हणाले, "बेटी, त्या दिवशी साऱ्या गावानं तुह्या बाबाले खोटं पाडलं होतं. मी अजून एकदा कसा पाडू?" आणि खरं सांगायचं तर, मला कुठंतरी बरंही वाटलं. तेव्हा माझे उंदीर मला साथ देत नव्हते. जानेफळात तरी माझं संशोधन यशस्वी झालं होतं.

त्याचा परिणाम संक्रांतीनंतर कळला. हिवरा आश्रमाच्या बाजूच्या एका गावात एक बाई होती, पन्नाशीची. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या टोळीची ती मुकादम होती. कोणत्या शेतात किती बाया न्यायच्या, मजुरी काय ठरवायची, सगळं तिच्या हातात. बोलायला तिखट. तिच्या जिभेच्या कडेला गाठ झाली. डॉक्टरांनी सेक सांगितला. ती जाईना. तिचा मुलगा आमच्या दुकानात आला आणि वडिलांना म्हणाला, "भाऊ, माय म्हणते, सोनं देऊन सेक देत असंन तरच येतो. नुसत्या सेकानं फसवते म्हणते. ते इंजेक्शन कवा भेटते?"

वडिलांनी मला फोन केला. आवाज खाली गेलेला. "तू ये," म्हणाले. "मले नाही सांगता येणार."

मी रविवारी आले. चाचांना सांगितलं. ते पाण्याची बाटली घेऊन निघाले. वडील म्हणाले मी दुकानात थांबतो, आणि मग आम्ही गाडीत बसलो तसे शटर ओढून तेही मागे येऊन बसले.

बाई अंगणात तूर पाखडत होती. बोंडअळीनं वेचणी लवकर आटोपली होती, त्यामुळे तिच्या टोळीला काम नव्हतं. तिनं आम्हाला बसायला सतरंजी टाकली, चहा सांगितला आणि सूप हातातून सोडलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, अंगणात बसून चाचांना सांगितलं होतं तसंच. औषध झालेलं नाही. चाचांना दिलं नाही. त्यांना फक्त सेक दिला, तुम्हाला सांगितलाय तोच.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, तू शिकलेली आहे. पण मले एक सांग. यायचं दुकान हायच ना?" तिनं वडिलांकडे बोट केलं. "यायच्याच दुकानातून माह्या पोरानं बियाणं नेलं. मोठ्याईले खरं पाकीट अन् आमाले डुप्लिकेट, असं लोक म्हणत होते. आता औषधाचंबी तसंच दिसते. ओळखीच्याले सोनं, आमाले नुसता सेक."

"डुप्लिकेट नव्हतं," वडील म्हणाले. आणि लगेच थांबले.

चाचा पुढे सरकले. "ताई," ते म्हणाले, "मी खोटं बोललो. मले सोनं-बिनं काही देल्लं नाही."

"मंग तवा काऊन हाव म्हटलं?"

चाचांनी वडिलांकडे पाहिलं. त्यांना परत एकदा तेच करायचं होतं, पांघरूण घालायचं होतं, हे मला दिसत होतं. ते काहीतरी जुळवू लागले, की तब्येतीच्या गुंगीत बोललो, औषधांनी डोकं ठिकाणावर नव्हतं.

वडिलांनी त्यांना हातानं थांबवलं.

"माह्यासाठी म्हटलं त्यायनं," वडील म्हणाले. "पोरीनं मले सांगतलं होतं, बशीतलं काम आहे. मी गावाले इंजेक्शन म्हणून सांगतलं. बढाई मारली. अन् बियाण्याचंबी तसंच. पाकीट खरं होतं, बाई. मी त्याच्यावर जे लिहिलं नव्हतं ते सांगतलं. अन् जे लिहिलं होतं, ते छोट्या पाकिटाचं, ते सांगतलंच नाही."

मी वडिलांना इतकी वाक्यं एका दमात बोलताना कधी ऐकलं नव्हतं, निदान विक्री नसताना तरी. बाईचं सूप थांबलं होतं. तिचा मुलगा चहा घेऊन आला, त्यानं कप मांडले आणि कुणीच हात लावला नाही.

चाचांनी तोंड उघडलं. तिला जवळ बोलावून आतून दाखवलं. गेलेले दात, आतली पांढरी पडलेली कातडी, जिथं जखम होती तिथं राहिलेला व्रण. "हे सेकाचं काम," ते म्हणाले. "सोन्याचं असतं तर एवढं जळलं असतं काय? दोन महिने पाणीबी गिळता येत नव्हतं. सोनं खाल्लेला माणूस असा दिसते काय?"

हा युक्तिवाद शास्त्राच्या दृष्टीनं साफ चुकीचा होता. सोनं दिलं असतं तरी एवढंच जळलं असतं, कदाचित जास्तच. मी त्यांना न टोकता चहाचा कप उचलला.

बाई बराच वेळ त्यांच्या तोंडात बघत राहिली, बाजारात बैलाचे दात पाहावेत तशी. मग उठून सूप भिंतीला उभं केलं. "किती दिवस लागते?" तिनं विचारलं.

तीही सात आठवडे औरंगाबादेत राहिली. पहिल्या आठवड्यात चाचा तिच्यासोबत आले. कोणतं दूध गार राहतं, कोणती रांग लवकर सरकते, जाळी घातल्यावर डोळे मिटून काय मोजायचं, हे सगळं त्यांनी तिला शिकवलं. तंत्रज्ञाला त्यांनी पुन्हा गादीबद्दल विचारून पाहिलं. बाईनं एकदाही तक्रार केली नाही. बाहेर बाकावर बसलेल्या बाकीच्या पेशंटांची तिनं पाच दिवसांत टोळी करून टाकली. कोणी आधी जायचं, कोणी थांबायचं, कोणाचं पोरगं कोणासाठी चहा आणणार, हे ती ठरवू लागली. जीभ सोलल्यावर हातवाऱ्यांनी ठरवू लागली.

तिचीही गाठ गेली. उन्हाळ्याच्या शेवटी मी तिला भेटायला गेले. ती बारीक झाली होती, आवाज बसका झाला होता, पण पेरणीसाठी बाया गोळा करत होती. मला बघून तिनं शेजारणींना हाक मारली आणि माझी ओळख करून दिली: "हेच ते पोरगी. इनंच देल्लं मले सोनं."

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "मावशी, तुम्हाला सांगितलं होतं ना, सोनं दिलेलं नाही."

"हाव, सांगतलं होतं," ती म्हणाली. "पण मशीनवाल्यानं गुपचूप टाकलं असंन. तो काय तुले विचारून टाकते?"

"का टाकेल तो?"

"माह्याकडं पाहून," ती अगदी सहज म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला कीव आली असावी. "हे पाह्य," ती म्हणाली, "इथून तीन जण गेले आता सेकाले. दोन बाया अन् एक माणूस. त्यायले मी काय सांगू, बशीत पेशी मेल्या म्हणून?"

माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा त्यानंतर वर्षभरानं झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की या कामाचा रुग्णांना प्रत्यक्ष उपयोग काय. मी शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं: अजून बराच पल्ला बाकी आहे, कण गाठीपर्यंत पोचवणं हा मुख्य प्रश्न आहे, यकृतात साठल्यानं होणारे परिणाम तपासावे लागतील. परीक्षकांनी मान डोलावली. त्या तीन माणसांबद्दल मी काही बोलले नाही. त्यांना प्रबंधात कुठं बसवायचं, ते मला कळलं नव्हतं. त्यातला पुरुष सेकाला उशिरा गेला होता, तो पुढे वारला. दोघी बायांचं नंतर काय झालं ते मला कळलं नाही.

मला पदवी मिळाली आणि मी बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला लागले. तिथं सोनं विकत घ्यायची सोय नाही. मुलांना साबण आणि आम्ल-अल्कली एवढं पुरतं. चाचा आणखी सहा वर्षं जगले. त्यांचा कॅन्सर परत आला नाही. शेवटी हृदयानं दगा दिला. दफनाहून परतताना एका माणसानं वडिलांना हळूच विचारलं, की ते सोनं आता गेलं का मातीत. वडिलांनी त्याला सरळ सांगितलं, "सोनं नव्हतंच." त्या माणसानं ते ऐकून मान हलवली, पण वडील लपवताहेत असाच त्याचा चेहरा होता.

वडील अजून दुकान चालवतात. छोटं पाकीट आता वेगळं मिळत नाही, मोठ्यातच मिसळून येतं. तरीही ते प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगतात, की यात थोडं साधं बी आहे आणि काही झाडांना अळी लागणार आहे, लागू द्या. लोक म्हणतात, भाऊ म्हातारे झाले. शेजारच्या दुकानात रांग मोठी असते.

मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीनं मोबाइलवर बातमी दाखवली. परदेशात माणसांच्या गाठीत असे कण टोचून सेक देऊन बघताहेत, अभ्यास चालू आहे. कण सोन्याचे नाहीत, दुसऱ्या एका धातूचे. मी त्या संध्याकाळी वडिलांना फोन केला.

"म्हणजे तुहं बरोबर होतं," ते म्हणाले.

"माझं नाही, बाबा. दुसऱ्यांचं. आणि धातूही दुसरा."

"सिद्ध झालं का?"

"तपासून राह्यले अजून."

पलीकडून दुकानातला आवाज येत होता. कोणीतरी फवारणीच्या औषधाचं नाव विचारत होतं. वडिलांनी त्याला थांबायला सांगितलं.

"मंग तपासू दे," ते मला म्हणाले. "तोवर मी काही बोलत नाही." आणि गिऱ्हाईकाला कोणती अळी आहे, किती झाडांवर आहे, हे विचारायला लागले. फोन बंद करायचा त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मी थोडा वेळ तसाच कानाला धरून ठेवला.